दोराला हात

“आज त्या टेमकरणीला रस्त्यावर झोपवते की नाही बघ,” मी पदर कमरेला खोचत म्हटलं.

“शालन, हळू. माइक चालू आहे,” यमू कुजबुजली.

चालूच होता मेला. दिगंबर मास्तर तो टेबलावर तसाच ठेवून पाणी प्यायला गेले होते. माझं वाक्य दोन्ही कर्ण्यांतून गल्लीभर गेलं. आमच्या अनंत निवासाच्या गॅलऱ्यांतून शिट्ट्या वाजल्या, समोरच्या गोमती बिल्डिंगीतून हुर्यो झाली.

दोराच्या पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या द्वारका टेमकरला कर्ण्याची गरज नव्हती. ती नुसत्या गळ्यानं ओरडली, “झोपव, झोपव! गेल्या वर्षी जिंकलात ती माझ्या सुनेच्या जोरावर. आता ती माझ्या घरात आहे!”

तिची सून म्हणजे माझी मुलगी. रजनी.

एकोणीसशे एकोणनव्वदचा एक मे होता. गिरगावातली आमची दगडीबाव गल्ली दोन्ही तोंडांना बांबू आडवे बांधून बंद केलेली. सकाळी झेंडावंदन, मग पोरांची लिंबू-चमचा, मग बाप्यांचं अंडरआर्म क्रिकेट, आणि ऊन जरा कललं की बायकांची रस्सीखेच. पाहुणे यायचे ते रस्सीखेच बघायला. माहीमपासून, ठाण्यापासून लोक जेवून निघायचे आणि गॅलरीत कठड्याची जागा धरून बसायचे. बायका दोर ओढतात हे बघायला नव्हे, बायका एकमेकींना काय काय बोलतात हे ऐकायला.

गल्लीच्या अलीकडे अनंत निवास, पलीकडे गोमती. मध्ये वीस पावलं रस्ता. नऊ बायका आमच्या, नऊ त्यांच्या. गोदीतून आणलेला काथ्याचा जाड दोर, मधोमध लाल फडकं, खाली चुन्याच्या तीन रेघा. डांबर तापलेलं असायचं म्हणून ओली गोणपाटं अंथरायची आणि त्यावर अनवाणी उभं राहायचं. शेवटच्या बाईनं दोर कमरेला गुंडाळून घ्यायचा. आमची शेवटची मी, त्यांची द्वारका. अकरा वर्षं आम्ही दोघी त्या दोराच्या दोन टोकांना होतो. माझं वजन तेव्हा ऐंशी किलो. तिचं मी काट्यावर घातलं नव्हतं, पण ओढल्यावर कळायचं.

हरेल त्या बाजूच्या कॅप्टननं जिंकणाऱ्या नऊ जणींची ओटी भरायची, अशी आमच्या गल्लीची रीत. जुन्या माणसांनी घालून दिलेली, भांडण दोरापाशीच संपावं म्हणून. डोंबलाचं संपतंय! खण, नारळ, पाच मुठी तांदूळ, हळदकुंकू सगळं व्हायचं, पण कुंकू लावताना बोट असं दाबायचं की समोरचीची मान मागे गेली पाहिजे.

एका वर्षी आम्ही हरलो, तेव्हा द्वारकेची म्हातारी सासू नवव्या बाईशेजारी पदर पसरून बसली. तिनं काही दोर ओढला नव्हता. नारळ दिसला आणि बसली, झालं. मी नारळ मागे घेतला. “आजी, ज्या बाईचा हात दोराला लागला तिचीच ओटी. उठा.” म्हातारी पदर झटकून उठली. गोमतीवाल्यांना ते फार लागलं. पण मास्तरांनी तेव्हापासून ते वाक्य दरवर्षी माइकवरून सांगायला सुरुवात केली. ज्या बाईचा हात दोराला लागला तिचीच ओटी. नियम माझा, आणि मला त्याचा अभिमान होता.

रजनी सोळाव्या वर्षापासून माझ्या पुढे उभी राहून ओढायची. पाय कसा रोवायचा, पाठ कशी टाकायची, दम कुठे धरायचा, सगळं मी शिकवलेलं. गेल्या वर्षी आम्ही जिंकलो तेव्हा द्वारकेनं आमच्या नऊ जणींची ओटी भरली. रजनीच्या पदरात तिनं पाचाऐवजी सहा मुठी तांदूळ घातले. मी मोजले होते. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता.

सव्वा महिन्यानं, जून महिन्यात, रजनी गळ्यात हार घालून दारात उभी. शेजारी द्वारकेचा विलास. कोर्टात लग्न करून आली होती. पोरगा वाईट नव्हता. टेलिफोन खात्यात होता, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. पण टेमकरांचा! ज्या बाईला मी अकरा वर्षं खेचत आले तिच्या घरी माझी मुलगी आपल्या पायांनी चालत गेली, आणि मला न सांगता. ती वाकली तशी मी पाय मागे घेतले.

“या घरातून तुझी ओटी भरली जायची नाही,” मी म्हटलं. “माझ्या हातून तर नाहीच. जा.”

सगळी गॅलरी ऐकत होती. असलं बोललेलं कुणी विसरत नाही, आणि बोलणारीला तर विसरताच येत नाही. अकरा महिने झाले. समोरच्या दुसऱ्या मजल्यावर तिच्या साड्या वाळत असायच्या, मी माझ्या खिडकीतून बघायचे. कुठली नवी, कुठली माझ्याकडची, सगळं माहीत. बोलणं मात्र नाही. आमचे हे मधूनमधून गोमतीत जाऊन यायचे. मला कळायचं, पण मी विचारत नसे.

तर त्या एक मेला माझ्या डोक्यात एवढंच होतं की रजनी आता तिकडून ओढणार. माझ्याच मुलीला माझ्याविरुद्ध उभी करून द्वारका गल्लीला तमाशा दाखवणार. मी आठवडाभर रात्री नीट जेवले नव्हते.

मास्तर परत आले. त्यांनी गोमतीची नऊ नावं वाचली. रजनीचं नाव त्यांत नव्हतं.

ती होती तिथेच. चुन्याच्या रेघेबाहेर, गोमतीच्या बायकांच्या चपला ओळीनं लावून त्यांच्याशेजारी एका स्टुलावर बसली होती. पिवळी साडी. थोडी भरल्यासारखी वाटली.

मला चेव आला. “का गं द्वारके? सुनेला फळीवरच्या ठेवणीतल्या भांड्यासारखी जपून ठेवलीस का? का आईसमोर उभं राहायची छाती नाही तिची? चपला राखायला बसवलीस माझ्या पोरीला?”

गॅलऱ्या हसल्या. रजनीनं माझ्याकडे पाहिलं आणि परत चपलांकडे पाहिलं. द्वारका, जी एका शब्दाला चार शब्द परत करायची, ती गप्प बसली. मला ते विचित्र वाटलं, पण तेवढ्यात शिट्टी वाजली.

पहिली ओढ आम्ही जिंकली. मिनिटभरसुद्धा लागलं नाही. दुसरी त्यांनी जिंकली. आमच्या पुढच्या दोघींचे पाय गोणपाटावरून सरकले आणि लाल फडकं गेलं ते गेलंच. तिसऱ्या ओढीआधी पाच मिनिटं सुट्टी. मी गोणपाटावरच फतकल मारून बसले. यमू पाण्याचा तांब्या घेऊन आली. माझ्याच मजल्यावरची यमू, माझ्या संघात पाचवी, आणि माझ्या तोंडावर बोलायची हिंमत असलेली एकुलती एक.

“शालन, एक सांगते. रागावलीस तरी चालेल,” ती म्हणाली. “रजनीला टाकून बोलू नकोस आज.”

“का? तुझी कोण लागते ती?”

“तिला चौथा लागलाय.”

मी तांब्या खाली ठेवला.

“सगळ्या गल्लीला माहीत आहे,” यमू म्हणाली. “तुझ्या ह्यांनासुद्धा. तुला सांगायला कोण धजणार? चोरओटी द्वारकेनंच भरली गेल्या महिन्यात.”

चोरओटी. तिसऱ्या महिन्यात, कुणाला न सांगता, घरातल्या घरात भरतात ती पहिली ओटी. आमच्यात ती मुलीची आई भरते. माझ्या आईनं माझी भरली होती, देवघरात, माजघराचं दार लावून. रजनीची द्वारकेनं भरली. का, तर मी गल्लीला ओरडून सांगितलं होतं की माझ्या हातून भरली जायची नाही.

मी रजनीकडे पाहिलं. ती एका हातानं पदर पोटावर ओढून घेत होती आणि दुसऱ्या हातानं कुणाच्या तरी चपलेचा अंगठा सरळ करत होती. मला रडू फुटेल असं वाटलं आणि लगेच राग आला. द्वारकेचा. मग ह्यांचा. मग यमूचा, की तिनं आज सांगितलं, काल का नाही. स्वतःचा यायला मला पुढे बराच वेळ लागला.

“चला, चला, शेवटची ओढ!” मास्तर माइकवर ओरडले. “ही जो जिंकेल त्याची गल्ली! आणि नियम ध्यानात असू द्या, ज्या बाईचा हात दोराला लागला तिचीच...”

मी ऐकत नव्हते. माझं डोकं भलतीकडेच धावत होतं. वीस पावलं चालून जाऊन पोरीला जवळ घ्यावं, हे मला सुचलं नाही असं नाही. पण मग अकरा महिने मी काय शेण खाल्लं, असं गल्ली म्हणाली असती. द्वारका तर दारात उभी राहून म्हणाली असती, आलीस ना शेवटी? नाही. त्यापेक्षा सोपं होतं. हरायचं! हरले की रीतच मला हात धरून तिकडे नेणार. नऊ जणींची ओटी भरायला मी खण-तांदूळ घेऊन उभीच असणार, आणि शेजारी माझी पोटुशी मुलगी. तिथल्या तिथे तिच्याही पदरात घालायचं. कुणाची काय टाप आहे अशा वेळी नाही म्हणायची? माझा शब्दही मोडला नाही. मी हरले म्हणून भरली, मनानं नाही भरली. असा सगळा हिशेब मी दोर कमरेला गुंडाळता गुंडाळता केला. म्हणजे गुंडाळला नाहीच. एकच वेढा घेतला आणि टोक मुठीत धरलं.

शिट्टी झाली.

तिसरी ओढ नेहमी लांबते. कुणी सरकत नाही. अठरा बायका मागे कललेल्या, गळ्याच्या शिरा फुगलेल्या, दोर करकरतोय आणि लाल फडकं मधल्या रेघेवर थरथरतंय. यमू ओरडत होती, “हय्या हो! हय्या हो!” समोर दोराच्या टोकाला द्वारका जवळजवळ बसलीच होती, एवढी मागे गेली होती. तिचं तोंड लाल झालं होतं. ती माझ्याकडे बघून दात दाखवत होती.

हात हळूहळू ढिला करता आला असता. इंच इंच द्यायचं, हरल्यासारखं हरायचं. मला येत होतं ते. पण तिचे ते दात बघितले आणि मला त्या चोरओटीतला तिचा हात दिसला. ताण अगदी टोकाला असताना एका बाजूनं दोर सोडला की समोरची शेवटची बाई खाली जाते आणि बाकीच्या आठ तिच्यावर. हे दोर ओढणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं. मला सगळ्यात जास्त माहीत होतं.

मी हात सोडला.

आमच्या आठ जणी तोंडघशी पुढे गेल्या. त्यांच्या नऊ जणी एकीवर एक मागे पडल्या. मधूनच सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. सगळ्यांनी ऐकला की नाही कोण जाणे, मी ऐकला. मग द्वारका किंचाळली.

गल्ली आधी हसली आणि मग पुढे सरसावली. बायकांना एकेक करून उठवलं. सगळ्यात खाली द्वारका, उजवं मनगट उलटं वळलेलं. विलास धावत आला. रजनी धावली नाही. तिला धावता येत नव्हतं. ती स्टुलावरून उठून पोट सांभाळत चालत गेली आणि सासूचं डोकं मांडीवर घेऊन खाली बसली.

“शालन, काय झालं गं?” आमची पुढची बाई गुडघे चोळत ओरडली. तिचे दोन्ही गुडघे सोलले होते. “दोर सोडलास?”

“घसरला,” मी म्हटलं. “हात घामेजला होता.”

हे ऐकून रजनीनं मान वर केली. सोडलेला हात आणि सुटलेला हात यांतला फरक तिला मीच शिकवला होता. तिनं माझ्या कमरेकडे पाहिलं. हात सुटला तरी नीट गुंडाळलेला दोर कमरेला राहतो. तिथे वेढा नव्हता.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी द्वारकेच्या मनगटाला फळी बांधली. म्हणाले, एक्स-रे काढा, हरकिसनदासला जा. द्वारका म्हणाली, “आधी ओटी. ही बाई हरलीय. अकरा वर्षांत मी एवढी सरळ जिंकले नव्हते, आणि तुम्ही मला इस्पितळात पाठवताय? तिच्या हातून नारळ घेतल्याशिवाय मी हलायची नाही.” बाई मानायला हवी.

मी तोवर घरी जाऊन आले. ट्रंकेच्या तळाशी एक हिरवा खण होता. येवल्याचा, जरीचा. रजनी कॉलेजात होती तेव्हाच घेऊन ठेवलेला, तिच्या लग्नात ओटीत घालायचा म्हणून. तो काढला. आमचे हे गॅलरीतून सगळं बघून आत आले होते आणि दाराशी उभे होते.

“हा कुणासाठी?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला माहीत होतं ना? मग विचारता कशाला?”

“अगं, पण आज नको. आज तिथे...”

“आता मला शिकवू नका,” मी म्हटलं आणि जिना उतरले.

मांडवात नऊ जणी सतरंजीवर ओळीनं बसल्या होत्या. कुणाच्या कोपराला हळद लावलेली, कुणाची वेणी सुटलेली. एकीच्याही तोंडावर जिंकल्याचा आनंद नव्हता. आमच्या बाजूच्या बायका लांब उभ्या. माझ्याजवळ फक्त यमू, ताट धरून. दोन्ही गॅलऱ्या वाकून बघत होत्या. मी एकेकीपुढे बसत गेले. हळद, कुंकू, खण, नारळ, पाच मुठी. एकीनंही माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही.

नववी द्वारका. तिचा उजवा हात झोळीत. ओटीला पदर दोन्ही हातांनी पसरावा लागतो. तिला तो एका हातानं धरता येईना. रजनी तिच्यामागे उभी होती. ती शेजारी येऊन गुडघ्यावर बसली आणि तिनं सासूचा पदर दोन्ही हातांनी पसरून माझ्यापुढे धरला.

माझ्या मुलीचे हात माझ्यापासून वीतभर अंतरावर. अकरा महिन्यांत एवढ्या जवळून बघितले नव्हते. काचेच्या हिरव्या बांगड्या, नव्याकोऱ्या. मी नारळ ठेवला, तांदूळ घातले. मूठ पुरी भरेना, तांदूळ सांडायला लागले.

“पाच झाल्या,” द्वारका म्हणाली. “मोजता येतं मला.”

मग मी ताटातून तो हिरवा खण उचलला. दुसरा नारळ उचलला. आवाज जमेल तितका करडा ठेवला. “आता तू बस. तुझीही भरते. हरले आहे तर भरते.”

रजनीनं सासूच्या पदराची गाठ नीट मारली, तो तिच्या कमरेला खोचला, मग माझ्याकडे वळली.

“मी दोराला हात लावला नव्हता,” ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग मास्तरांकडे लक्ष गेलं. ते माइक हातात घेऊन खाली मान घालून उभे होते. गोमतीच्या गॅलरीत द्वारकेची ती म्हातारी सासू कठड्याला टेकून बसली होती. ती मात्र माझ्याकडेच बघत होती.

“खड्ड्यात गेला तो नियम!” मी म्हटलं. “मीच केला, मीच मोडते.”

“मोडता येतो?” रजनीनं विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता. “मग आधीच यायचं होतंत. वीस पावलं तर आहेत. मी रोज मोजायचे गॅलरीतून. तुम्हाला दोर कशाला लागला?”

तुम्हाला. लहानपणापासून ती मला ‘ए आई’ म्हणत आली. रागावली तरी ‘तू ना आई’. त्या दिवशी गल्लीसमोर मला तिनं परक्या बाईला बोलावं तसं ‘तुम्ही’ म्हटलं.

“रजनी, ऐक...”

“सासूबाईंचा हात मोडून त्याच हातानं माझी ओटी भरणार? माझ्या पोटात मूल आहे. त्याच्या नावानं असले तांदूळ मला नकोत.”

“मी मुद्दाम नाही...”

“खोटं बोलू नका. मी तुमच्या पुढे उभी राहून सहा वर्षं दोर ओढलाय.”

द्वारकेनं तिचा हात धरला. “बस झालं, रजू. चल. मला आता दुखायला लागलंय.” आणि जाता जाता वळून मला म्हणाली, तेही न ओरडता, “विहीणबाई, चोरओटीच्या दिवशी मी दुपारी दार उघडं ठेवलं होतं. तुमच्या ह्यांच्याकडून निरोपही धाडला होता, तिच्या आईला सांगा म्हणून. तुम्हाला सांगायची त्यांची छाती झाली नसेल.”

त्या दोघी गेल्या. मी तो खण हातात घेऊन सतरंजीवर बसून राहिले. यमूनं सांडलेले तांदूळ गोळा केले. मास्तरांनी माइकवर सांगितलं की संगीत खुर्चीसाठी मुलांनी नावं द्यावीत. मी उठून गॅलरीत बघितलं, आमचे हे तिथे नव्हते. पुढे त्यांच्याशी मी दीड महिना बोलले नाही, आणि मग एके दिवशी वाटलं, त्यांच्याशी न बोलून मी काय सिद्ध करतेय?

पुढल्या वर्षी रस्सीखेच झाली नाही. त्यानंतरही झाली नाही. दोर बरीच वर्षं आमच्या जिन्याखाली पडून होता.

ऑक्टोबरात रजनीला मुलगी झाली. केतकी. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण ते सासरीच झालं. द्वारकेचं मनगट वाकडंच बसलं होतं. तिला बाळ धरवेना, तरी तिनं डाव्या हातानं न्हाऊ घातलं. बाळाचं रडणं रोज सकाळी वीस पावलांवरून मला ऐकू यायचं. बारशाला मी गेले. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हाकललंही नाही. रजनीनं मला पाट दिला, चहा दिला. निघताना मी पिशवीतून खण काढला तर ती म्हणाली, “नको. मी दोराला हात लावला नव्हता.” एवढंच.

हळूहळू येणंजाणं झालं. माणसं काय, सवयीनं जवळ येतात. आमचे हे गेले तेव्हा तेरा दिवस रजनी माझ्याजवळ होती. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिनं मला उचलून संडासात नेलं. अजून रोज संध्याकाळी फोन करते, गोळ्या घेतल्यात का विचारते. ‘घेतलीस का’ नव्हे, ‘घेतल्यात का’. दोन्ही इमारती पाडून तिथे एकच टॉवर झाला. मी अकराव्या मजल्यावर, टेमकर नवव्या. द्वारका आणि मी एकाच लिफ्टनं खाली उतरायचो. अनोळखी माणूस लिफ्टमध्ये असला की ती मुद्दाम मनगट पुढे करून म्हणायची, “ही आमच्या विहीणबाईंची भेट.” चार वर्षांपूर्वी ती गेली. लिफ्टमध्ये आता मला कुणी बोलत नाही आणि त्याचं फार वाईट वाटतं, खरं सांगते.

गेल्या एप्रिलमध्ये चैत्राचं हळदीकुंकू केलं. विधवेनं करू नये म्हणायचे, पण आता ते कोण पाळतं? केतकीचं नुकतंच लग्न झालेलं, पुण्याहून आली होती. रजनी सकाळपासून माझ्या घरात. तिनंच कैरीची डाळ वाटली, पन्हं केलं, बायकांना पेले दिले. सगळं आटोपल्यावर त्या दोघी निघाल्या. केतकी म्हणाली, “आजी, माझी ओटी भर ना! आई म्हणते नव्या नवरीची भरतात.” जीन्स घातली होती, पदर कुठला? तिनं माझ्याच सोफ्यावरची ओढणी ओढून दोन्ही हातांनी पुढे धरली आणि हसत उभी राहिली. मी तिची ओटी भरली. पाच मुठी, आणि एक वर.

कपाटात अजून तो हिरवा खण होता. मी तो केतकीला दिला नाही. हातात घेतला आणि दाराशी चपला घालत असलेल्या रजनीला म्हटलं, “ये गं. तुझीही भरते. त्र्याहत्तर वर्षांची झाले मी. ये.”

तिनं चपलेचा पट्टा लावला. सरळ उभी राहिली. माझ्या खांद्यावर हात ठेवला, अगदी हळू, मी पडेन की काय अशा बेतानं.

“राहू द्या,” ती म्हणाली. “मी दोराला हात लावला नव्हता.”

“कसला दोर?” केतकीनं विचारलं. लिफ्ट आली आणि त्या दोघी खाली गेल्या.